शारदा खरंच 'गरीब गाय' आहे का? नाटकातली ओळ दाखवा

संगमकाठ | शनिवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. हरिपूरला संगमेश्वराच्या देवळाजवळ आम्ही दर शनिवारी दहा-बारा जण जमतो आणि एखादं जुनं पुस्तक मोठ्यानं वाचतो. बारावीची चार मुलं, दोन निवृत्त शिक्षक, एक हळदीचे व्यापारी, मी, शिवाय देवळात आलेली एखादी मावशी टेकते. सध्या 'संगीत शारदा' चालू आहे. बाप कांचनभट पैशांसाठी शारदेचं लग्न म्हाताऱ्या भुजंगनाथाशी ठरवतो, ते नाटक. गोविंद बल्लाळ देवल आमच्याच गावचे, त्यामुळं इथं हे नाटक सगळ्यांना वाचायच्या आधीच माहीत असतं. अडचण तिथंच झाली.

आमच्यातल्या एका मुलीनं शारदेचं स्वभावचित्र लिहून आणलं. पहिलंच वाक्य: 'शारदा ही सोशिक, आज्ञाधारक व अबोल, अगदी गरीब गाय आहे.' मी विचारलं, कुठल्या ओळीवरून? ती म्हणाली, "मॅडम, सगळेच म्हणतात की." मग बाकीच्यांना विचारलं. मत प्रत्येकाकडं होतं, ओळ एकाकडंही नव्हती. वीस वर्षं मराठी शिकवूनही मला ती पटकन सांगता आली नाही, आणि ते मला रात्रभर टोचत राहिलं.

म्हणून हा धागा. मत कुठलंही मांडा, पण त्याच्यासोबत नाटकातली जागा द्या. ओळ कोण म्हणतंय, कुणाला म्हणतंय, त्याच्या आधी काय झालंय, आणि त्यावरून तुम्ही तिथपर्यंत कसे पोचलात. पान क्रमांक नको, अंक आणि प्रवेश सांगा. माझी जुनी प्रत २०१९ च्या पुरात गेली, आता जी वाचतेय तिची पानं मुलांच्या प्रतींशी जुळत नाहीत. पहिल्या दिवशी अर्धा तास त्यातच गेला.

मिरजेचा_तंबोरा | शनिवार, रात्री १०:०२

ताई, विषय फार चांगला काढलात. मी गाण्याच्या बाजूनं सुरुवात करतो.

'मूर्तिमंत भीती उभी मजसमोर राहिली.' हे पद शारदेचं आहे. अबोल मुलीची ही भाषा वाटते का? ती नुसतं 'मला भीती वाटते' असं म्हणत नाही. भीतीला ती अंग देते, आपल्यासमोर उभं करते आणि तिच्याकडं बघते. कशाला भ्यायचं हे जिला इतकं लख्ख दिसतं, तिला मी 'बिचारी' म्हणणार नाही.

एक गोष्ट मात्र आधीच कबूल करतो. संगीत नाटकात मुख्य पात्रं गातातच, तो त्या प्रकाराचा रिवाज आहे. म्हणून 'ती गाते, अर्थात ती धीट आहे' हा पुरावा होत नाही. पुरावा शोधायचा तो शब्दांत. आणि आपण ही पदं रेकॉर्डवर ऐकत मोठे झालो, तिथं पदाच्या आधीचं आणि नंतरचं गद्य गळून गेलेलं असतं. पद तेवढं पाठ, प्रसंग विसरलेला, अशी आपल्यातल्या बहुतेकांची अवस्था आहे.

कराडचा_प्रीतिसंगम | रविवार, सकाळी ७:४०

भुजंगनाथाबद्दल तरी वाद नसावा. पंचाहत्तर वर्षांचा म्हातारा. ओळ हवी असेल तर ही घ्या: 'म्हातारा इतुका न अवघे पाऊणशे वयमान, लग्ना अजुनि लहान.' पाऊणशे म्हणजे पंचाहत्तर. विषय संपला.

संगमकाठ | रविवार, सकाळी ८:१५

दादा, ओळ दिलीत याबद्दल आभार, पण तिच्याकडं पुन्हा एकदा बघू या. हे पद मैत्रिणींच्या चेष्टेतलं आहे. 'म्हातारा इतुका न' हे खरं नाही. 'अवघे' हेही खरं नाही. 'लग्ना अजुनि लहान' तर अजिबात खरं नाही. ओळीतला एकेक शब्द उलट्या अर्थानं म्हटलेला असताना मधला आकडा तेवढा जन्मदाखला म्हणून कसा धरायचा? आई 'शंभरदा सांगितलं तुला' म्हणते तेव्हा आपण मोजायला बसत नाही.

तो जख्ख म्हातारा आहे याबद्दल माझंही दुमत नाही, नाटकाचा सगळा पायाच तो आहे. पण या ओळीवरून ठामपणे सांगता येतं ते वेगळंच आहे, आणि मला ते जास्त मोलाचं वाटतं. त्या वयाच्या मुलींना तो कसा दिसत होता, आणि मोठ्यांसमोर जे बोलायची सोय नव्हती ते त्या आपसात किती मोकळेपणानं बोलत होत्या, ते हे पद सांगतं. ही साक्ष मुलींची आहे, तिला मुलींची साक्ष म्हणूनच वाचायला हवं.

कराडचा_प्रीतिसंगम | रविवार, सकाळी ८:५०

पटलं. मी ती ओळ इतकी वर्षं माहिती म्हणून म्हणत होतो. ती कोण म्हणतंय हे मनातसुद्धा आलं नव्हतं.

जुनी_पोथी | रविवार, दुपारी ३:३०

आता या पदावर आलोच आहोत तर इथून उठू नका. माझ्या मते सगळ्या नाटकात शब्दांनी सगळ्यात भरलेली जागा हीच.

'दंताजीचे ठाणे उठले.' ठाणं बसणं, ठाणं उठणं ही लष्कराची आणि दरबारची भाषा. दात म्हणजे जणू सरदार दंताजीराव, तळ गुंडाळून निघून गेले. १८९९ साली हे नाटक रंगभूमीवर आलं तेव्हा पेशवाई जाऊन ऐंशी वर्षं झाली होती, पण आपल्याकडं सांगली, मिरज, जमखंडी ही पटवर्धनांची संस्थानं नांदत होती. ठाणं, सरदार, शिबंदी हे शब्द घराघरांत जिवंत होते. त्या काळाचा पुरावा सनावळीत मिळतो तसा या एका क्रियापदातही मिळतो. आज शहरातल्या मुलाला 'ठाणे' म्हटलं की पोलीस किंवा गाव आठवतं, आणि दातांची गंमत हातातून निसटते.

पुढं बघा. कान 'फुटले', डोळे 'रुसले', मान 'नन्ना' म्हणते. एकेक अवयव माणसासारखा वागतोय आणि एकेक जण साथ सोडतोय. शेवटी येतं 'उसनी घेउनी ऐट'. उसनी! कर्जाऊ आणलेली! ज्या नाटकात बाप मुलीचे पैसे घेतो, त्यात नवरदेवाची ऐटसुद्धा उसनवारीची आहे.

आणि नावं. कांचनभट म्हणजे सोनं. भुजंगनाथ म्हणजे धनावर वेटोळं घालून बसलेला नाग, हे कुणीही सांगेल. पण संस्कृतात 'भुजंग' म्हणजे विट, बाहेरख्याली माणूस असाही अर्थ आहे. ज्यांनी 'मृच्छकटिक' मराठीत आणलं त्या देवलांना तो ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

मिरजेचा_तंबोरा | रविवार, दुपारी ४:०५

काका, 'उसनी' बद्दल नमस्कार. नावांबद्दल थोडी शंका. नाव हा लेखकाचा निवाडा झाला, पात्राची करणी नव्हे. कांचनभट लोभी आहे हे त्याच्या नावावरून सिद्ध करायला लागलो तर नाटक वाचायची गरजच उरणार नाही. तो घरात बायकोशी, इंदिराकाकूशी, कसं बोलतो ते बघायला हवं.

जुनी_पोथी | रविवार, दुपारी ४:२०

मान्य. नाव हा इशारा, पुरावा नाही.

बारावी_कला | रविवार, रात्री ८:४५

मॅडम, 'गरीब गाय' मीच लिहिलं होतं. मी आज ते पद आणि शारदेचं 'तू टाक चिरुनि ही मान' हे पद शेजारी शेजारी वहीत उतरवून काढलं.

भुजंगनाथाच्या पदात 'नन्ना म्हणते मान' आहे. म्हातारपणानं मान लटपटते ती 'नको, नको' म्हटल्यासारखी. म्हणजे त्याचं शरीरच त्याला लग्न नको म्हणतंय, पण कान फुटलेत, त्याला ऐकू येत नाही. आणि शारदेच्या पदातही मानच आहे. लग्नात मुलीला कुणी विचारत नाही, मान खाली घाल एवढंच सांगतात. ती मान खाली घालत नाही, ती म्हणते चिरून टाका. म्हणजे ज्या मानेनं होकार द्यायचा तीच ती पुढं करते.

मला वाटतं हे गरीब गाईचं बोलणं नाही. पण मला नीट लिहिता येत नाहीये.

संगमकाठ | रविवार, रात्री ९:००

बाळा, नीटच लिहिलंयस. ज्येष्ठ मंडळींनी यावर हातचं न राखता बोलावं.

जुनी_पोथी | रविवार, रात्री ९:४०

बाळ, वाचून फार बरं वाटलं. म्हणूनच हातचं राखत नाही. पहिल्या पदाचे यमक बघ: वयमान, लहान, कान, मान, छान, कमान, अवसान, ध्यान. 'आन' ची माळच आहे. अशा माळेत 'मान' येणं हे कवीला जवळजवळ भागच आहे. मग दोन्हीकडं 'मान' आली यात देवलांचा हेतू होता असं कशावरून म्हणायचं?

दुसरी गोष्ट. पहिलं पद मैत्रिणींचं आणि दुसरं शारदेचं. दोन तोंडांतल्या दोन ओळी आपण जोडल्या की तो दुवा नाटकाचा होतो, शारदेच्या मनातला होत नाही. शारदेचा स्वभाव सांगताना तुला दुसरी ओळ वापरता येईल. दोन्हींची जोडी वापरायची ती नाटककाराबद्दल बोलताना.

बारावी_कला | रविवार, रात्री १०:३०

काका, दुसरा मुद्दा कळला. वहीत दोन वेगळे परिच्छेद करते.

पहिल्याबद्दल: यमकानं 'मान' आणली असेल. पण 'नन्ना म्हणते' हे यमकानं आणलेलं नाही. मान वाकली, मान पडली, काहीही बसलं असतं. बाकीचे अवयव नुसते निघून गेलेत किंवा रुसलेत. बोलते ती एकटी मान, आणि ती नकारच बोलते.

जुनी_पोथी | रविवार, रात्री १०:४१

माझ्याकडं याला उत्तर नाही. तुझा मुद्दा उभा राहिला.

माहुलीकर | सोमवार, सकाळी ११:२०

साताऱ्याहून एक वेगळा सूर लावतो, राग मानू नका. आमच्या वडिलांनी ही पदं ओसरीवर गायली, आम्ही ती ऐकून डोळे पुसले. तेव्हा कुणी अंक-प्रवेश विचारला नाही. एकेका शब्दाला असं सोलत बसलं तर रस राहतो का? कोर्टात साक्षीपुरावे लागतात. नाटकाला रसिक लागतो.

संगमकाठ | सोमवार, दुपारी १:०५

राग कसला, दादा. तुमच्या वडिलांचं गाणं मला ऐकायला मिळालं असतं तर मी धन्य झाले असते.

पण देवलांचंच दुसरं नाटक आठवा, 'संशयकल्लोळ'. रस्त्यात पडलेली एक तसबीर कृत्तिकेच्या हाती लागते. फाल्गुनराव ती बायकोच्या हातात बघतो आणि परपुरुषाची तसबीर म्हणजे प्रकरण असं ठरवून मोकळा होतो. तसबीर खरी, ती तिच्या हातात होती हेही खरं. चूक झाली ती पुढं. ती तिथं आली कशी, हे त्यानं विचारलंच नाही. त्याआधी १८९० साली देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंजारराव' केला, तिथं एका हातरुमालावरून बायकोचा जीव जातो. ज्या नाटककारानं पुरावा चुकीचा वाचण्याचे परिणाम एकदा हसवून आणि एकदा रडवून दाखवले, त्याचंच नाटक आपण 'सगळेच म्हणतात' यावर वाचायचं का? मला ते त्यांच्यावर अन्याय केल्यासारखं वाटतं.

आणि रसाचं म्हणाल तर 'उसनी' हा शब्द काल कळल्यापासून ते पद मला जास्त लागतंय. काल संध्याकाळी घाटावर बसून मी ते चारदा म्हटलं.

माहुलीकर | सोमवार, दुपारी २:१०

फाल्गुनरावाचा दाखला वर्मी बसला. 'उसनी' बद्दल मी घरी सौभाग्यवतींना सांगितलं, त्या म्हणाल्या, आधीपासून तसंच ऐकू येत होतं, तुम्हालाच चालीत दिसलं नाही. वाचत राहतो.

कृष्णामाईची_लेक | सोमवार, सायंकाळी ६:३०

एक महत्त्वाचं राहून जातंय. या नाटकाचा परिणाम एवढा झाला की सरकारनं बालविवाहाविरुद्ध जो कायदा केला त्याला नावच 'शारदा कायदा' पडलं. संदर्भ म्हणून हे यायलाच हवं.

कोर्टाचा_रस्ता | सोमवार, रात्री ८:००

ताई, हे आपल्याकडं फार ऐकायला मिळतं, शाळेत मीही हेच शिकलो. पण तो कायदा अजमेरचे हरबिलास सारडा यांच्या आडनावावरून ओळखला जातो. त्यांनी १९२७ साली मध्यवर्ती विधिमंडळात विधेयक आणलं, १९२९ साली ते मंजूर झालं आणि १ एप्रिल १९३० पासून लागू झालं. देवल १९१६ सालीच गेले होते. 'सारडा' आणि 'शारदा' हे शब्द आपल्या कानाला इतके जवळचे की दोन गोष्टी एकात मिसळल्या.

आता कायदा आणि नाटक समोरासमोर ठेवा. त्या कायद्यानं मुलीचं वय किमान १४ आणि मुलाचं १८ ठरवलं. मुलीला १४ पूर्ण असतील तर नवरा कितीही म्हातारा असला तरी कायदा आड येत नव्हता. म्हणजे त्यानं बालविवाह अडवला, जरठकुमारी विवाह, म्हणजे म्हाताऱ्याशी कोवळ्या मुलीचं लग्न, अडवला नाही. आणि 'शारदा'चा घाव आहे तो नेमका जरठकुमारी विवाहावर आणि मुलीच्या बदल्यात पैसे घेण्यावर. नाटकाला कायद्याचं श्रेय देताना आपण नाटकाचा विषयच बदलून टाकतो, माझा आक्षेप एवढाच आहे.

संदर्भ जवळचे घ्यायचे तर १८९१ चा संमतिवयाचा कायदा घ्या. शरीरसंबंधाला मुलीच्या संमतीचं वय दहाचं बारा करायचं म्हटल्यावर पुण्या-मुंबईत केवढं रान उठलं. त्याच्या थोडं आधी रखमाबाईंचा खटला. लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडं जायला त्यांनी नकार दिला. १८८७ साली कोर्टानं सांगितलं, नवऱ्याकडं जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाईन. नाटक पाहायला बसलेल्या प्रेक्षकांतल्या मोठ्या माणसांना हे सगळं आठवत असणार. देवलांच्या डोळ्यांसमोर रखमाबाई होत्या असं मात्र मी म्हणत नाही, तशी ओळ माझ्याकडं नाही.

ओळ आहे ती शेवटाची. लग्न मोडतं कशामुळं? वधू-वर सगोत्र निघतात म्हणून. शारदेला तो नको होता म्हणून मोडत नाही, तो म्हातारा आहे म्हणूनही नाही. शारदेला सोडवू पाहणारा तरुण कोदंड कळवळ्याचा आहे, तरीही शेवटी हाती लागतो तो शास्त्राचाच आधार, आणि पुढं शंकराचार्यांची संमती. मुलीचा नकार हे लग्न मोडायला पुरेसं कारण आहे, हे नाटकातलं जग मानत नाही. देवलांना स्वतःला तसं वाटत होतं का, की प्रेक्षकांना पचेल तेवढंच त्यांनी दिलं, हे या एका गोष्टीवरून ठरत नाही. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे, कारण आधीचे सगळे अंक आपला जीव शारदेच्या नकारातच गुंतवतात.

कृष्णामाईची_लेक | सोमवार, रात्री ९:१५

दुरुस्ती मान्य. माझ्या भाषणाच्या वहीत ते वाक्य पंधरा वर्षांपासून आहे, आज खोडलं.

कवठ्याची_सून | मंगळवार, दुपारी १२:४०

मी फार शिकलेली नाही, पण तीन दिवस वाचतेय. आमच्या सासूबाईंच्या आत्याला तिजवराला, म्हणजे तिसरं लग्न करणाऱ्याला, दिली होती. ती आयुष्यभर म्हणायची, "माझ्या आईनं तोंड उघडलं नाही." सासूबाई सांगायच्या की आईनं उघडलं होतं, चुलीपाशी उघडलं होतं, ते ओसरीपर्यंत गेलंच नाही. लेकीला कधी कळलं नाही.

तुम्ही शारदेचं बोललात, म्हाताऱ्याचं बोललात. इंदिराकाकूचं कुणी बोललं नाही. तिला हे लग्न नको आहे. मग ती ते कुणापुढं बोलते आणि कुठं गप्प होते? मला वाटतं, शारदेपुढं बोलते की नवऱ्यापुढं, यावर सगळं आहे. माझ्याकडं पुस्तक नाही, म्हणून ओळ देता येत नाही.

संगमकाठ | मंगळवार, दुपारी १:००

ताई, तीन दिवसांत आम्हा कुणाला हा प्रश्न सुचला नाही. पुस्तकाची काळजी करू नका, आमच्याकडं तीन प्रती आहेत.

या शनिवारी फक्त इंदिराकाकू घेऊ. ती ज्या ज्या प्रवेशात आहे ते सगळे ओळीनं वाचायचे आणि प्रत्येक वाक्यापुढं पेन्सिलीनं लिहायचं: समोर कोण आहे. शारदा, कांचनभट, की कुणीच नाही. जिथं ती असून बोलत नाही तिथं रिकामी खूण. नवऱ्यासमोरची आणि लेकीसमोरची अशी दोन पानं करू, मग भाषा कुठं बदलते ते दिसेल. शारदेच्या 'आज्ञाधारक'पणाचा निकालही मी तोवर राखून ठेवते, कारण ज्या घरात आईचं बोलणं ओसरीपर्यंत जात नाही तिथं लेकीची आज्ञाधारकता मोजायची कशानं?

मिरजेचा_तंबोरा | मंगळवार, दुपारी १:३५

मी येतो. एक लक्षात ठेवू या, नाटक रंगभूमीवर आलं तेव्हा आई आणि लेक दोन्ही कामं पुरुष नटच करायचे. गप्प राहण्याच्या जागा देवलांनी कशा लिहिल्यात, कंसातल्या सूचना कुठं आहेत, तेही टिपून घेऊ. ते स्वतः नटांच्या तालमी घेणारे होते, त्यांच्या सूचना वाया गेलेल्या नसणार.

बारावी_कला | मंगळवार, सायंकाळी ५:५०

मॅडम, मी स्वभावचित्राचं पहिलं वाक्य बदललं. 'शारदेला कुणी विचारत नाही, पण ती सांगते.' खाली दोन ओळी दिल्यात. तिसरी जागा मोकळी ठेवलीय.

संगमकाठ | मंगळवार, सायंकाळी ६:०५

ठेव मोकळी. शनिवारी साडेपाच, घाटाच्या वरच्या पायरीवर. पाऊस असेल तर देवळाच्या मंडपात. कांचनभट जुनी_पोथी काका वाचतील. इंदिराकाकू कोण?

कवठ्याची_सून | मंगळवार, रात्री ९:२०

मी वाचते. अडखळले तर थांबा.